मीठ उडत न्हाय

दाताच्या दवाखान्यात किस्से फार साठतात. खुर्चीतल्या माणसाचं तोंड उघडं असतं, पण त्याला बोलता येत नाही. मग सगळं बोलणं बाहेरच्या बाकड्यावर होतं. बारामतीतल्या माझ्या दवाखान्यात त्या बाकड्यासमोर समुद्री माशांची टाकी आहे, त्यामुळे आमच्याकडचे निम्मे किस्से दातांचे आणि निम्मे पाण्याचे. दातांचे सांगत नाही, पेशंट इथलेच आहेत.

*

टाकी आणली लहान मुलांसाठी. खुर्ची दिसली की भोकाड पसरायची. पुण्याच्या दुकानदाराने टाकी, केशरी-पांढऱ्या माशांची जोडी आणि समुद्राचं पाणी करायचं खास मीठ दिलं. निघताना म्हणाला, "मॅडम, पाणी फिल्टरचंच घाला हं." मी मनात म्हटलं, समुद्राला कोण फिल्टर लावतं? दवाखान्यात येऊन नळाचं पाणी भरलं, मीठ ढवळलं, मासे सोडले. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतंच आणि ते माशांना चालत नाही, हे शिकल्यासवरल्या बाईला कळायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही मासे आडवे. मी जाळी आणेपर्यंत एक पाच वर्षांची मुलगी काचेला नाक लावून उभी राहिली होती.

"डॉक्टर, यांना भूल दिली का?"

मी हो म्हणाले. त्या 'हो'चं मला अजून वाईट वाटतं.

*

पुढे महिनाभर टाकी तशीच. मासे नाहीत, काचेवर हिरवं शेवाळ. तेव्हा तात्या आले, कवळी बसवायला. साखर कारखान्यात बॉयलरच्या पाण्याची तपासणी करण्यात त्यांची नोकरी सरली. बायको गेलेली, मुलगा पुण्यात. मी माप घ्यायला तोंडात गुलाबी लगदा भरला, तर हा माणूस दारातून दिसणाऱ्या टाकीकडेच टक लावून बघत बसला. लगदा काढल्यावर चूळही न भरता विचारलं, "पाणी कुठलं हाय ते?"

"नळाचं."

"डॉक्टरबाई, बॉयलरला आमी कधी नळाचं पाणी पाजलं न्हाय. लोखंडाला सोसत न्हाय, जिवाला कसं सोसंल?"

दुसऱ्या दिवशी टीडीएस मीटर खिशात घालून हजर. पाण्यात काय काय विरघळलंय ते आकड्यात दाखवणारी ती पेनाएवढी वस्तू. त्यांच्या सांगण्यावरून आरओ फिल्टर बसवला, टाकी धुतली, महिन्याभराने मासे आणले. कवळी तयार झाल्यावरही तात्या रोज सकाळी नऊला येत राहिले. मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही, पण त्यांना कुठंतरी वेळेवर जायला हवं होतं.

*

आमच्या रिसेप्शनला सुनंदाताई असतात. कोऱ्हाळे बुद्रुकहून येतात. त्यांच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, म्हणून रोज घरी जाताना दवाखान्यातून फिल्टरच्या पाण्याचा कॅन नेतात. त्यांच्यासमोर तात्यांनी आरओच्या पाण्यात मीठ ओतलं तेव्हा त्यांच्या हातातलं पेन खाली पडलं.

"आदी खार काढायचा आन् मग मीठ घालायचं? तात्या, आमच्या बोरचं न्या की. फुकट हाय, खारं बी हाय."

तात्या वाद घालत बसले नाहीत. दोन बरण्या आणायला लावल्या. एकीत बोअरचं पाणी, एकीत आरओचं, दोन्हीत तेच मीठ. खिडकीत ठेवल्या. आठ-दहा दिवसांत बोअरची बरणी हिरवीगार झाली, दुसरी नितळ. तात्या म्हणाले, "बघा, शेतातलं खत उतरलंय पाण्यात."

सुनंदाताईंनी बरणी उजेडात धरून कौतुकाने पाहिली. "तरीच आमचा ऊस जोरात हाय."

त्यानंतर त्यांनी जाहीर केलं की, टाकी हे तात्यांचं खूळ आहे आणि आपण तिला बोट लावणार नाही.

*

एकदा फिल्टर बिघडला. तात्यांनी नाइलाजाने पाण्याचा जार मागवला. जारवाला टेकवून जातोय तोच यांनी आत मीटर बुडवला. आकडा आमच्या नळापेक्षा जास्त!

"हे शुद्ध पाणी व्हय?"

जारवाला जराही गडबडला नाही. "तात्या, हात लावून बघा. गार हाय का न्हाय?"

फिल्टर दुरुस्त झाला, तेव्हापासून आम्ही सगळे माशांच्या फिल्टरचंच पाणी पितो.

*

हा किस्सा हसण्याचा नाही, तरी सांगते. आरओचं एक बादली पाणी निघेपर्यंत दोन-तीन बादल्या वाया जातात. त्या वाया पाण्याची नळी आम्ही गटारात सोडली होती. सुप्याहून एक आजी दाढ काढायला आल्या होत्या. दाढ धरून त्या नळीकडे बघत उभ्या राहिल्या.

"बाई, आमी ट्यांकरची वाट बघतो," एवढंच बोलल्या.

संध्याकाळच्या आत तात्यांनी नळी ड्रममध्ये सोडली. आता फरशी आणि संडास त्याच पाण्यावर. आजी पुढच्या खेपेला कवळीसाठी आल्या त्या आधी मागे जाऊन ड्रम बघून आल्या, मग खुर्चीत बसल्या. कवळीला चांगली सूट दिली मी. त्यांनी मागितली नव्हती.

*

टाकीवर तात्यांनी चिकटपट्टीची रेघ मारली आहे. पाणी त्या रेघेखाली जाता कामा नये. उन्हाळ्यात रोज तांब्या-दोन तांबे पाणी उडतं. एकदा ते यायच्या आधी मी हौसेने पाणी भरलं. समुद्रातला मासा, म्हणून मीठ कालवून भरलं. तात्यांनी तपासलं तर खारटपणा वाढलेला.

"डॉक्टरबाई, आमटीतलं पाणी आटलं तर परत मीठ घालता का तुमी?"

"नाही."

"मग? पाणी उडतं. मीठ उडत न्हाय. भर घालायची ती बिगर मिठाची. न्हायतर चार दिसात मासं जात्याल."

रिसेप्शनवरून सुनंदाताई म्हणाल्या, "त्यांना काय इचारता तात्या? डाळ-भात सुद्धा आई करत्यात त्यांच्या."

*

गेल्या मे महिन्यात तात्या दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा फोन आला. उलट्या-जुलाब, ऊन लागलेलं, हॉस्पिटलात ठेवलंय, धोका टळलाय पण अंगात काही राहिलेलं नाही. संध्याकाळी मी आणि सुनंदाताई गेलो. तात्या पलंगावर एवढेसे दिसत होते. कवळी वाटीत काढून ठेवलेली.

नर्स नवी बाटली लावत होती. सुनंदाताईंनी तिला विचारलं, "ताई, ह्यात काय असतं वो?"

"सलाईन. शुद्ध पाणी आणि मीठ."

"निस्तं मीठ?"

"हो. पाणी मात्र एकदम शुद्ध लागतं. नळाचं घालून कसं चालेल?"

सुनंदाताई बाटलीकडे बघत राहिल्या. नर्स गेली. तात्यांनी डोळे उघडले, आम्हाला ओळखलं आणि बोळक्या तोंडाने पहिलं काय विचारलं असेल तर, "पाणी रेघंवर हाय का?"

तीन दिवस, एवढं ऊन, आणि मी टाकीकडे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

"हाय," सुनंदाताई म्हणाल्या. "रोज नऊला घालती मी."

तात्यांनी मान उचलायचा प्रयत्न केला. "कुठलं?"

सुनंदाताईंनी वरच्या बाटलीकडे बोट केलं.

"हेच. बिगर मिठाचं."