कुलूपबंद टूलरूममधून आलेला फोन

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमच्या राहू गावात मळ्याच्या वाटेवर एक बांध होता. तिथं भरदुपारी कुणी बाई दिसते म्हणून सगळ्या बायका वळसा घालून जायच्या. मी त्याच बांधावर बसून भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्यात! या सदरातले अनुभव वाचूनसुद्धा मी नवऱ्याला म्हणते, "काय एकेक थापा मारतात लोक!" आणि आज मीच लिहायला बसलेय... आता हसा मला.

गोष्ट दोन हजार सालानंतरची. शिक्रापूरला हायवेच्या कडेला गाड्यांचे पार्ट बनवणारी एक कंपनी होती. मी तिथं कॉम्प्युटरवर कामाला होते. दोन मैत्रिणींबरोबर भाड्याची खोली, रात्रभर ट्रकचे हॉर्न, आणि सकाळी डोळे चोळत कंपनीत. तेव्हा कंपनीनं ठरवलं की प्रत्येक वस्तूची नोंद कॉम्प्युटरवर घ्यायची. मशीन, पंखा, टेबल, अगदी साहेबांची खुर्चीसुद्धा! प्रत्येकीवर अॅल्युमिनियमची छोटी पट्टी ठोकली, तिच्यावर नंबर. वस्तू कुठं आहे, चालू आहे की बंद, सगळं माझ्या कॉम्प्युटरमध्ये.

पद्धत अशी की, एकानं खात्यात फिरून नंबर वाचायचे, तिथल्याच इंटरकॉमवरून मला सांगायचे आणि मी टाइप करायचं. वाचणारे होते इस्माईलमामा. टूलरूम त्यांच्याच ताब्यात होती. शिरूरचे, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. सगळी कंपनी त्यांना मामा म्हणायची. फोन उचलला की पलीकडून, "हां पोरी, घे लिव्हून!" दुपारी जेवण झाल्यावर त्या आवाजानं मला हटकून पेंग यायची. मामा ओरडायचे, "झोपलीस व्हय गं?"

त्या वर्षी दसरा झाला आणि तपासणीत हाइट गेज सापडेना. उंची मोजायचं उपकरण ते, चकचकीत, लाकडी पेटीतलं. कॉम्प्युटरवर जागा होती टूलरूम, आणि टूलरूमच्या चाव्या मामांकडे. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "चाव्या तुमच्याकडं, मग वस्तूला पाय फुटले का?" मामा मान खाली घालून उभे राहिले. त्यांना चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. टूलरूमला साहेबांनी स्वतः कुलूप लावलं आणि चावी खिशात घातली. मला म्हणाले, "त्या नंबरपुढं 'चोरीस गेले' असं टाका. शेवटी कुणाच्या ताब्यात होतं त्याचं नाव टाका. शनिवारी संध्याकाळी सगळा डेटा पुण्याला हेड ऑफिसला जाईल."

म्हणजे मामांच्या नावापुढं चोरी लागणार, ती माझ्या हातानं. इतका संताप आला होता मला! पण साहेबांपुढं बोलायची सोय नव्हती. मी रोज तो नंबर उघडायचे आणि बंद करायचे. इतर कामं उगाच उकरून काढायचे.

शनिवारची दुपार. ऑक्टोबरचं ऊन, बाहेर मशीनची एकसुरी घरघर. पूजेच्या झेंडूच्या माळा अजून दारावर होत्या, त्यांचा सुकलेला वास केबिनभर पसरलेला. मी स्क्रीनकडे बघत बसले होते. सगळं कसं पाण्याखालून बघितल्यासारखं संथ झालं होतं... आणि फोन वाजला. कुठल्या खात्यातून फोन आलाय त्याचा दिवा माझ्या फोनवर लागायचा. दिवा टूलरूमचा होता.

"हां पोरी, घे लिव्हून."

मामा! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! "आलात व्हय मामा? बोलावलं ना साहेबांनी? मी म्हणतच होते!" ते आपले शांतपणे नंबर सांगत राहिले. ड्रिल मशीन, ग्राइंडर, बाकडं... मी टाइप करत राहिले. झोप नव्हती, पण पुरती जागी होते असंही म्हणवत नाही. बोटं आपली आपण चालत होती. मग म्हणाले, "हाइट गेज. जागा, पंपहाऊस. पाटाखाली, तांबड्या फडक्यात." मी तेही टाइप केलं आणि फोन बंद झाला.

मी धावतच टूलरूमकडे गेले. दाराला कुलूप. फटीतून बघितलं, आत अंधार. वॉचमन म्हणाला, "मामा? छे! त्या दिसापास्नं फिरकले न्हाईत." शेजारच्या खात्यातून मी टूलरूमचा नंबर फिरवला, तर बंद दाराच्या आत फोन वाजायला लागला. तो ऐकून मी रिसीव्हर तसाच टाकून दिला, खोटं कशाला सांगू.

पण बुद्धी शाबूत होती. पंपाची पट्टी तपासायची आहे असं सांगून मी वॉचमनला बरोबर घेतलं. कंपनीच्या मागं पंपहाऊस. आत पूजेचा पाट तसाच, सुकलेली फुलं, खोबऱ्याची वाटी उंदरांनी कुरतडलेली. पाट उचलला. खाली तांबडं फडकं आणि त्यात ती पेटी! झाकणावर हळदीकुंकू.

वॉचमन ओरडला, "आयला, सापडलं की!" मला मात्र साहेब दिसायला लागले. मामांनी फोनवर सांगितलं असं मी म्हणाले असते, तर साहेब काय म्हणाले असते? त्यांनीच लपवलं, म्हणून त्यांना ठाऊक! मग मी गप्पच बसले. पट्टी तपासायला गेले आणि दिसलं, एवढंच सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की, आता ही पण त्यात सामील, असंच त्यांच्या मनात असावं.

शेवटी त्याच संध्याकाळी इनामगावहून पंपवाल्या किसनला बोलावून घेतलं, पंपहाऊसची पूजा त्यानंच मांडली होती. तो दसऱ्यापासून रजेवर होता. पेटी बघून त्यानं कपाळावर हात मारला. "साहेब, खंडेनवमीला समद्यांच्या पूजेत चकचकीत हत्यारं, आन् माझ्या पाटावर निस्ते गंजके पाने! बरं दिसंना. मामा जेवाया गेल्ते, टूलरूम उघडी व्हती. म्हणलं, देवापुढं ठिवू आन् लगीच परत करू. घरनं सांगावा आला, पेटी फडक्यात गुंडाळून पाटाखाली सारली आन् तसाच निघालो... पार इसरलो बघा."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मामांना परत बोलवायचा निरोप घेऊन दुसऱ्या दिवशी मीच शिरूरला गेले.

मामा अंथरुणावर होते. घरी बसवल्यापासून तापानं फणफणले होते. मामी म्हणाल्या, "काल दुपारी तर शुद्धच नव्हती गं. निस्तं आकडे बडबडत व्हते. मधीच 'पोरी, पोरी' करायचे. मग एकदम गाढ झोपले." घरात फोन नव्हता. शेजाऱ्यांकडेही नव्हता.

मी सगळं सांगितलं. मामा माझ्याकडे बघतच राहिले. "पंपहाऊस? मला ठाव असतं तर मी साहेबापुढं मान खाली घालून उभा ऱ्हायलो असतो व्हय?"

तो फोन कुणी केला, कसा केला... मला आजही सांगता येत नाही. नवरा म्हणतो, तुला डुलकी लागली असेल. असेल बाबा! पण झोपेत का होईना, पाटाखालची पेटी मला कशी दिसली, ते त्यानं सांगावं.

मामांनी मात्र फोनबद्दल काहीच विचारलं नाही. मग हळूच म्हणाले, "पोरी... तू ते चोरीचं टाइप केलं व्हतंस का?"

"न्हाई मामा. हातच धजंना."

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. खांदे हलत होते. मामी पुढं झाल्या, तसे ते भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "आधी पोरीला जेवाया वाढ. उपाशी जाऊ देऊ नगंस तिला."