सिस्टरच्या कवितेतली हसायची जागा

सिस्टर कुणालाच स्वतःची कविता स्वतः वाचू द्यायच्या नाहीत! म्हणजे तुम्ही आठवडाभर घासून कविता लिहिणार, लातूरच्या त्यांच्या गच्चीवरच्या बैठकीला जाणार, आणि सिस्टर तुमच्या हातातला कागद काढून शेजारच्याला देणार. "आपल्या तोंडानं माणूस कायबी गोड वाचतंय. दुसऱ्याच्या तोंडात गेल्यावर कळतंय, कविता हाय का नुसती हवा."

मी अकरावीत पहिल्यांदा गेले, तेव्हा माझी कविता रफिकभाईंच्या वाट्याला आली. गोलाईच्या बाजारात त्यांचं सायकलचं दुकान, स्वतः गझला लिहायचे. माझी 'एकांताच्या निळ्या कुशीत' ही ओळ त्यांनी इतक्या इमानदारीनं वाचली की मलाच हसू फुटलं. सिस्टर म्हणाल्या, "हसलीस ना? कापून टाक." संपली समीक्षा.

त्या खऱ्याखुऱ्या सिस्टर होत्या, सरकारी दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात. माहूरकडून नोकरीला आल्या तेव्हा लातूर जिल्हा नवाच झाला होता. "हापिसांच्या पाट्यांचा रंग वाळला नव्हता. जिल्हा आन मी संगंच मोठे झालो," म्हणायच्या. निम्मं लातूर त्यांच्या हातात पहिल्यांदा रडलेलं, मीसुद्धा. चौकात मिशीवाला पोलीस दिसला तरी त्याच्यासमोरच मला सांगणार, "ह्यो जन्मला तवा रडंना. दोन चापट्या हाणल्या मी." आणि तो पोलीस लाजून त्यांच्या पाया पडणार!

मुंबईत कोण नवीन काय लिहून राहिलंय, कुठल्या मासिकात कुणाची कथा आली, सगळं त्यांना पाठ. स्वतः मात्र कुठं काही पाठवायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, इथं लोक किती वाहवा करतात तुमची!"

"ते समदे माझ्याच हाताचे हायेत गं. त्यांची वाहवा धरायची न्हाई. जे माझ्या हाताचं न्हाई, त्या माणसानं ऐकावं. एकदा. मग मरायला मोकळी."

रेल्वेनं लातूरला पाणी यायचं ते वर्ष. तेव्हा मुंबईहून फोन आला. एका चित्रांच्या गॅलरीत कवितावाचन होतं, त्यांना 'मराठवाड्यातून दुष्काळाचा आवाज' हवा होता. सिस्टर हरखूनच गेल्या. दोन दिवसांत कविता तयार. जमिनीच्या भेगा, वासलेली चोच, आभाळाकडं लागलेले डोळे. गच्चीवर कागद माझ्याकडं दिला. मी काय वाचली! आवाज कापरा, मध्येच श्वास रोखलेला. रफिकभाई म्हणाले, "क्या बात है!"

सिस्टरचा चेहरा उतरला. "पोरी, ह्या भेगा मी कुठं पाह्यल्या? मी तर वॉर्डात होते. टीव्हीवरच्या भेगा हायेत ह्या." आणि कागदाची घडी करून चहाच्या गरम भांड्याखाली सारली.

"मग मुंबईला नाही जायचं?"

"जायचंय की. लई जायचंय."

पुढच्या बैठकीत दुसरी कविता आली. ही रफिकभाईंनी वाचली, म्हणजे वाचायचा प्रयत्न केला, कारण हसून हसून त्यांना ठसका लागला:

वॉर्डात पाणी एकच तपेलं,
कोमट करून आणलं.
तीन दिसांचा पठ्ठ्या
त्यातच मुतला की हो!
आख्ख्या जिल्ह्यात नळ कोरडे
आन ह्याचीच तेवढी धार.

सिस्टरनी माझ्यासमोरच मुंबईला फोन लावला, स्पीकरवर, आणि मला कविता वाचायला लावली. आयोजक फार सभ्य. "बाळाची आंघोळ? छान आहे हो, पण यात दुष्काळ कुठाय?"

"त्यातच हाय, साहेब."

"नाही, लोक गंभीर विषय ऐकायला येणारेत..."

"मग माझं नाव काढा. ही न्हाई तर कोणतीच न्हाई."

मी त्यांच्या दंडाला चिमटा काढला! वाट बघितलेली एकच गोष्ट, ती असं फोनवर सोडून देतं का कुणी? तिकडं कागद चाळल्याचा आवाज. मग, "बरं. शेवटी घेतो तुम्हाला."

चौदा एप्रिलच्या जयंतीला नेसायच्या ती पांढरी साडी नेसून सिस्टर मुंबईला गेल्या. सोबत मी. गॅलरीच्या भिंतींवर भेगांचे दारापेक्षा मोठे फोटो, आणि प्रत्येक खुर्चीवर पाण्याची सीलबंद बाटली. सिस्टरनी दोघींच्या बाटल्या पर्समध्ये घातल्या. "वॉर्डात लागतील."

स्वतःची कविता स्वतः वाचायची त्यांची पहिलीच वेळ. 'दुष्काळाच्या झळा सोसून आलेल्या' अशी ओळख झालेली, त्यामुळं सगळे माना खाली घालून बसलेले. बाळ मुतलं, तरी कुणी हसेना! मला तर खुर्चीखाली शिरावंसं वाटलं.

सिस्टर थांबल्या. चष्मा काढला. "हसा की हो. हसायची जागा हाय ती. त्याची आईबी हसली होती."

आणि हॉल फुटला! खो खो हसले लोक. ते ओसरल्यावर त्यांनी शेवट वाचला:

त्याच पाण्यानं मग
फरशी पुसून घेतली.
आईनं पोराचं नाव
ठेवलं सागर.

आता कुणी हसलं नाही. टाळ्यासुद्धा उशिरा आल्या.

परतीच्या गाडीत सिस्टर खिडकीकडं बघत म्हणाल्या, "खरंच हसले का गं? का मी म्हणलं म्हणून?"

"खरंच हसले, सिस्टर!"

"तू तर माझ्याच हाताची. तुझं काय धरायचं."

पुढं त्या रिटायर झाल्या, लेकाकडं पुण्याला गेल्या, आजारी पडल्या. मी विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला होते, तिथून फोन करायचे. शेवटी शेवटी आवाज बारीक झाला होता, माणसं लक्षात राहत नव्हती, पण मुंबईची आठवण पक्की. "खरंच हसले होते का?" मी दरवेळी हो म्हणायचे. त्या दरवेळी म्हणायच्या, "तू काय, हो म्हणणारच." मागच्या उन्हाळ्यात त्या गेल्या.

पण त्या हॉलमध्ये माझ्या पुढच्या रांगेत निळ्या ओढणीच्या एक बाई होत्या. सिस्टर थांबायच्या आधीच, बाळ मुतलं त्या ओळीला, त्यांचे खांदे गदागदा हलायला लागले होते. मी मागून पाहिलंय. बाई, तुम्ही हे वाचत असाल तर प्लीज सांगा, तुम्ही हसत होतात ना? माझी साक्ष धरत नाहीत हो. मी त्यांच्या हाताची.