केसभर जागा

अख्ख्या सौदी अरबस्तानात रिकाम्या जागेची काळजी वाहणारा माणूस एकच होता, आणि तो जेद्द्यात माझ्याच खोलीत राहत होता. रत्नागिरीकडचे भाई. आमची कंपनी पाण्याचे पंप विकायची आणि भाई त्या पंपांची इंग्रजी माहितीपुस्तकं कॉम्प्युटरवर जुळवायचे. अशा पुस्तकांत शब्दाच्या डोक्यावर बारीक खुणा असतात: तळटिपेचा आकडा, ट्रेडमार्क, चौरस मीटरवरचा दोन. त्या खुणेला लागून स्वल्पविराम आला की भाई दोघांमध्ये केसभर जागा सोडायचे. ती जागा त्यांच्याखेरीज कोणालाही दिसत नसे. "तुला दिसत नाय म्हणून ती नाय, असं कसं?" असं ते विचारायचे.

एकदा ते तापाने फणफणले होते. मी गोळी दिली, तर त्यांनी आधी पाकिटातला कागद उलगडला, उशाखालचं भिंग काढलं आणि गोळी हातातच विरघळू दिली. "हे अंशाचं चिन्ह बघ, पूर्णविरामाला कसं चिकटलाय." दुसऱ्या एका वेळी छापायला गेलेलं पुस्तक त्यांनी परत मागवलं. मॅनेजरने विचारलं, "पंप चालेल ना?" भाई म्हणाले, "पंप चालेल साहेब, पण वाचणारा अडखळेल." बोलणी खाऊन खोलीवर आले आणि जेवताना मला स्वल्पविराम समजावू लागले. मी मोबाईल बघत मान हलवत होतो. शुक्रवारी घरी फोन लावला की मुलीलाही तेच सांगत. ती "ओके अब्बा" म्हणून फोन आईकडे देई.

मग सौदीकरण आलं. आमच्या दोघांच्याही जागी सौदी माणसं नेमली आणि त्यांना काम शिकवायला आम्हाला तीन महिने दिले. आमच्या लोकांत याचा एक न बोललेला रिवाज होता. सगळं शिकवायचं, एक खुबी मात्र पोटात ठेवायची. काम अडलं की कंपनी आपला इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, वाढवते. मी गोदामात होतो. जुने सुटे भाग कुठल्या फळीवर आहेत, ते मी सांगितलं नाही. भाईंनाही बजावलं, "त्या केसभर जागेचं तेवढं बोलू नका. मुलीचं शिक्षण व्हायचंय अजून." भाई हो म्हणाले.

त्यांच्याकडे आलेला गृहस्थ चाळिशीचा, चार मुलांचा बाप. पहिल्याच आठवड्यात त्याने पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "हा आकडा स्वल्पविरामाला चिकटत का नाही?" खलास. भाईंनी त्याच्यासाठी खुर्ची ओढली आणि बावीस वर्षांचं साचलेलं सगळं सांगून टाकलं. त्या दिवसांत ते खोलीवर यायचे ते गुणगुणतच. दीड महिन्यात तो माणूस तयार झाला. मग तीन महिने कशाला, म्हणून कंपनीने भाईंचा एक्झिट, म्हणजे कायमचा घरी परतायचा व्हिसा, लावून टाकला.

मला राग आला. ते खोका बांधत होते, तेव्हा म्हटलं, "एवढं सांगितलं होतं तुम्हाला."

दोरी आवळत ते म्हणाले, "इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता रे. त्यानं विचारलान. मग मी गप कसा बसू?"

माझी खुबी कामी आली. माझा इकामा वाढला, मी अजून इथेच आहे आणि एकटाच जेवतो. नऊ वर्षं मी त्या माणसाच्या समोर बसून जेवलो, पण एकदाही त्यांना काही विचारलं नाही, याची मला लाज वाटते.