साखरपुड्यात घेतलेलं नाव

आमचा साखरपुडा खोटा होता. गावात हे अजून कोणाला माहीत नाही, आणि आता सांगितलं तरी कोण विश्वास ठेवणार म्हणा! लग्नाचा अल्बम आहे, घरात पोरगी आहे, अंगणात नवऱ्याचे गोलकीपरचे पॅड वाळत पडलेले असतात.

पोरगी माझ्या ताईची. ताई बाळंतपणात गेली. उरणच्या बाजूला, बंद पडलेल्या मिठागराच्या कडक जमिनीवर आम्ही दोघी हॉकी खेळत मोठ्या झालो. ती फॉरवर्ड, मी तिच्या मागे. पास हवा असला की ती ओरडायची नाही, काठी जमिनीवर दोनदा आपटायची. टक्, टक्. मी न बघता चेंडू द्यायचे. ती गेली तेव्हा तिची पोर माझ्या हातात आली, आणि मला साधा लंगोटही बांधता येत नव्हता.

ताईचा नवरा जहाजावर. परत आला तो दुसऱ्या लग्नाला तयार होऊनच. त्याच्या आईनं पोर सुरतेच्या मूल नसलेल्या नातेवाइकांना द्यायचं ठरवलं. मी तिच्याकडे जाऊन भांडले. भांडले म्हणजे चांगलीच भांडले. ती म्हणाली, "तू बिनलग्नाची. उद्या लगीन करून जाशील, मंग पोरीला कोन? पोरीला आयस पायजे, बापूस पायजे. बापूस हाय का तुज्याकडं?"

"हाय," मी ठोकून दिलं. "ठरलंय माझं."

कुठलं ठरलंय, डोंबल! संध्याकाळी मैदानावर गेले आणि मुलांच्या टीमच्या गोलकीपरला गाठलं. तो कंटेनर यार्डात कामाला, माझ्याहून थोडा मोठा, अबोल. म्हटलं, खोटा साखरपुडा करशील का? पोर माझ्याकडे रुळली की मोडून टाकू. त्यानं एवढंच विचारलं, "तिची पोर खरंच सुरतेला चाललीय?" आणि हेल्मेट चढवत "करू" म्हणाला. इतक्या पटकन कोण हो म्हणतं? पण तेव्हा मला पोर हवी होती, दुसरं काही दिसतच नव्हतं.

आमच्याकडे साखरपुड्यात नाव घेतल्याशिवाय बायका कोणाला उठू देत नाहीत. म्हणून मी त्याला आधीच एक उखाणा जुळवून दिला होता. मंडपात ताईची सासू पोरीला मांडीवर घेऊन पुढेच बसलेली. तिनं बजावून ठेवलं होतं, सगळं नीट पार पडलं तर पोर तुझ्या ओटीत घालीन, नाहीतर आल्या पावली घेऊन जाईन. अंगठ्या झाल्या, पेढे झाले. बायकांनी गलका केला, "नवरदेव, नाव घ्या!" तो उभा राहिला.

"मिठागराच्या बांधावर पांढरंशुभ्र मीठ," तो म्हणाला. पुढे माझं नाव यायचं होतं. त्यानं ताईचं नाव घेतलं. "ऐका नीट," एवढं म्हणून उखाणा पूर्णही केला.

कोणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. त्याला स्वतःला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा चेहरा पांढराफटक पडला. आणि मला सगळं एकदम कळलं, तो इतकी वर्षं मैदानाच्या कडेला कोणाला बघत थांबायचा आणि "करू" का म्हणाला ते. पण सासू पोरीला छातीशी धरून उठत होती, रडायला वेळ कुठे होता? मी मोठ्यानं म्हटलं, "मीच सांगितलं व्हतं त्याला. पोर तिची हाय, तर पहिलं नाव तिचं. माझं काय, जन्मभर घेईल!"

म्हातारी थांबली. मग अशी काही रडायला लागली की अख्ख्या मंडपाच्या डोळ्यांना पदर लागले. तिनं पोर आणून माझ्या ओटीत घातली, नारळाशेजारी.

मोडायचं मग राहूनच गेलं. पोरीला त्याच्या खांद्याशिवाय झोप लागेना. विषय त्यानं काढला नाही, मीही नाही, आणि लग्न झालं. तो चांगला नवरा आहे, खोटं कशाला बोलू? पण लग्नानंतर त्यानं मला नावानं कधी हाक मारली नाही. "अगं." "ऐकतेस का." सगळ्यांचेच नवरे असं म्हणतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. माझ्या येतं. मेलेल्या बहिणीचा हेवा करते मी, आणि तिच्याच पोरीची वेणी घालते. ओट्याशी भाकऱ्या थापताना ताई मागे उभी आहे असं वाटतं. भीती नाही वाटत. वाटतं, आपण सरकून तिला जागा करून द्यावी.

पोरगी आता हॉकी खेळते. परवा सरावात तिनं पाससाठी काठी जमिनीवर दोनदा आपटली. टक्, टक्. अहो, तिला हे कोणीच शिकवलेलं नाही! गोलमध्ये तो उभा होता. चेंडू त्याच्या पायाजवळून आत गेला आणि तो हललासुद्धा नाही. मी कडेला उभी होते. मीही त्याच्याकडे बघायचं टाळलं.

त्याच आठवड्यात माझ्या नणंदेचा साखरपुडा ठरला, आणि जेवताना पोरगी हट्टाला पेटली. "बाबा, तुमच्या साखरपुड्यात तुम्ही आईचं नाव कसं घेतलेलं? घ्या ना!"

माझा हात भाताच्या पातेल्यात थांबला. तो ताटाकडे बघत राहिला. मला वाटलं, आता उठून हात धुवायला जाईल. पण तो हळूच म्हणाला, "मिठागराच्या बांधावर पांढरंशुभ्र मीठ," आणि त्यानं माझं नाव घेतलं. स्वच्छ, न अडखळता.

पोरगी टाळ्या वाजवायला लागली. आणि मी मागे वळून पाहिलं, तो कोणाला हाक मारतोय म्हणून.