वेल्सकरांचं भाषण आणि माझी सही

आधी तोंडातला चहा गिळून घ्या. मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा माझ्या साडूनं ऐन वेळी घोट घेतला आणि अर्धा कप माझ्या पांढऱ्या शर्टावर आला. माझी फजिती माझ्याच शर्टावर कशाला?

तर मी दळवी. बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. नऊ वर्षं, बिनविरोध! आता दुसरं कोणी उभंच राहत नाही हा भाग वेगळा. पण माझी सभेची वही बघाल तर थक्क व्हाल. काय अक्षर, काय शिस्त!

पूर्वी काय व्हायचं, लोक सभेत एक बोलायचे आणि महिन्याभरानं म्हणायचे, "मैंने ऐसा बोला ही नहीं!" मी नियम केला. जो जे बोलला ते आधी लिहायचं, त्याच्या खाली त्याचं नाव, आणि नावापुढे त्याची सही. वर बोलणं, खाली नाव. आपण पत्र लिहितो तसंच की! वर मजकूर, खाली 'आपला नम्र'. सोसायटीला याची इतकी सवय झाली की भांडणंच बंद झाली. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता हिरामावशी. सहाव्या मजल्यावर लेकीकडे राहतात. मूळच्या इथल्याच डोंगरी गावच्या. भातशेती, मिठागर सगळं बघितलेली बाई, आवाज असा की खालच्या गेटवरचा वॉचमन दचकावा. मावशींना मराठी वाचता येतं, अगदी पेपर वाचतात, पण इंग्रजीचं नाव नको. आणि आमच्या सोसायटीच्या नोटिसा सगळ्या इंग्रजीत. लेक दिवसभर ड्युटीवर, मग वाचून दाखवणार कोण?

एके दिवशी सकाळी अकराला माझ्या दारावर थापा. उघडतो तर मावशी! डोक्याला टॉवेल, कपाळावरून शिकेकाई ओघळतेय.

"पानी कुठं गेला रं? माजे केसांन शिकेकाय हाय!"

"मावशी, टाकी धुतायत. नोटीस लावली होती ना चार दिवस आधी."

"मना ती वाचता येते काय? चार दिस मी तिच्याच समोर लिफ्टची वाट बगत उबी व्हते!"

आमच्या घरातला पिण्याच्या पाण्याचा हंडा त्यांच्या डोक्यावर रिकामा केला. पुढच्याच आठवड्यात लिफ्ट बंदची नोटीस लागली, तीही इंग्रजीत. मावशी तांदळाची पिशवी घेऊन सहा मजले चढायला निघाल्या आणि चौथ्यावर पायरीवर बसल्या. छातीवर हात ठेवून. मी पाणी घेऊन धावलो. तेव्हा मात्र मला खरंच लाज वाटली हो. नोटीस माझ्याच सहीची होती.

तिथेच शब्द दिला. "मावशी, पुढच्या सभेत ठराव आणतो. प्रत्येक नोटीस इंग्रजीबरोबर मराठीतही. नाही पास करून दाखवला तर नावाचा दळवी नाही!"

"बगू," मावशी म्हणाल्या.

आता साधा माणूस काय करेल? उभा राहील, म्हणेल म्हाताऱ्या बाईचे हाल होतायत, नोटीस मराठीतही लावा, आणि खाली बसेल. पण मी साधा आहे का? मला दाखला पाहिजे होता. आंतरराष्ट्रीय! मोबाईलवर शोधत बसलो आणि मला सापडला एक खासदार. वेल्सचा.

वेल्स म्हणजे इंग्लंडला चिकटलेला छोटासा देश. भाषा वेगळी, बाणा वेगळा. आम्ही वेगळे, आमचं आम्हाला बघू द्या, असं म्हणणारा तिथे एक पक्ष आहे, आणि हा गडी त्या पक्षाचा. जाऊन बसायचा लंडनच्या मोठ्या संसदेत, आणि विषय कुठलाही असो, गाडी वेल्सवरच आणायचा. रेल्वेवर चर्चा? आमच्या वेल्सच्या रेल्वेचं काय! दुधावर चर्चा? आमच्या वेल्सच्या गाईंचं काय! मला एकदम आपला माणूस वाटला. त्याच्या नावात जीभ अडकायची, म्हणून मी त्याचं बारसं केलं. वेल्सकर!

त्या संसदेत कोण काय बोललं ते शब्दन् शब्द लिहून ठेवतात आणि इंटरनेटवर टाकतात. त्यात मला हवी ती चर्चा मिळाली. पोस्टातले फॉर्म वेल्सच्या भाषेतही असावेत की नाही! आमच्या नोटिशीची सख्खी बहीणच की हो!

जवळच्या हाटकेश भागातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "अंकल, पहिलं पान पण काढू?"

"नको नको. पहिल्या पानावर नुसता मथळा आणि नावं असतात. कागद वाचव!"

घरी आलो, चष्मा लावला. कागद मजकुरानंच सुरू होत होता. मंडळी, तिथे लिहिलं होतं की इंग्रजी सगळ्यांना समजतं, मग एकच गोष्ट दोनदा छापायची कशाला, कागद फुकट, खर्च फुकट, आज हे मागतील, उद्या आणखी कोणी आणखी काही मागेल. आणि खाली नाव कुणाचं? वेल्सकर!

आमची कुंदा बाजूला मटार सोलत होती. ती म्हणाली, "अहो, हा तर तुमच्या विरुद्धच बोलतोय."

मी पण क्षणभर गडबडलो. पण क्षणभरच! "उपरोध, कुंदा, उपरोध! वरून विरोधकांची भाषा, आतून चिमटे. केवढा मोठा वक्ता! आता पुढे ऐक."

पुढे होतं की एक म्हातारी पोस्टाच्या खिडकीपाशी फॉर्म हातात घेऊन उभी आहे, स्वतःच्या गावात, स्वतःच्या लोकांत, आणि तो कागद काय म्हणतो हे तिला परक्या माणसाला विचारावं लागतंय. आणि खाली नाव? लंडनच्या सरकारातल्या मंत्र्याचं!

"बघ! वेल्सकरांनी असे चिमटे काढले की मंत्र्यालाच पाझर फुटला! मंत्रीच वेल्सची बाजू घेऊन बोलायला लागला!"

कुंदानं एक मटार तोंडात टाकला. "नक्की ना? एकदा कोमलला दाखवा की. ती तिकडेच शिकलीय." कोमल म्हणजे आमचे चेअरमन किशोरभाई, त्यांची सून. लग्नाआधी दोन वर्षं वेल्समध्येच होती.

मी हसलो. "नऊ वर्षं सभेची वही लिहितोय मी. कोण काय बोललं हे मला कोमल सांगणार?"

हो, असंच म्हणालो. तोंडाला कुलूप लावायची सोय देवानं करायला हवी होती.

रविवारी सकाळी सभा. खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढे माईक, कोपऱ्यात समोसे. माझ्या आधी पांडेजी उभे राहिले. मागच्या सभेत त्यांनी पार्किंगच्या पट्ट्यांवरून थयथयाट केला होता, आणि नंतर कळलं की त्यांनी पत्रकच वाचलं नव्हतं. भला माणूस, हात जोडून म्हणाला, "मैंने बिना पढ़े, बिना समझे बहुत शोर मचाया. गलती मेरी थी. सबसे माफी चाहता हूँ."

मी गप्प बसावं की नाही? पण नाही! मी माझा कागदांचा गठ्ठा उंच धरला आणि म्हणालो, "पांडेजी, मीटिंग में आने से पहले पढ़ना चाहिए. मुझे देखिए!"

आणि सगळ्यांनी मला बघितलं.

मी उभा राहिलो. सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत सुरू केलं. वेल्स कुठे आहे ते सांगितलं, वेल्सकर कोण ते सांगितलं, आणि मग त्यांचं भाषण. काय रंगात आलो म्हणून सांगू! हातवारे काय, आवाजाचे चढउतार काय! "एक भाषा सब समझते हैं, तो दो-दो बार छापना क्यों? कागज़ बरबाद! आज ये माँगेंगे, कल कोई और कुछ माँगेगा! इसका अंत कहाँ है?"

टाळ्या! अहो, कडकडून टाळ्या!

"बिलकुल सही!" कोणीतरी ओरडलं.

"दळवीसाहेब, आज पहली बार आपने काम की बात की," किशोरभाई म्हणाले. "चलो, ठराव रद्द. समोसे ठंडे हो रहे हैं."

"अरे थांबा! रद्द कसा? ये उपरोध है!"

"उपरोध मतलब?"

"मतलब... उल्टा बोलना."

"तो आपको नोटिस मराठी में चाहिए कि नहीं चाहिए?"

"चाहिए!"

"तो बीस मिनट से 'नहीं चाहिए' क्यों बोल रहे हो?"

सभा हसायला लागली. मी घामाघूम. आणि तेवढ्यात मागून कोमल आली, माझ्या हातातले कागद घेतले, दोन पानं उलटली आणि हळूच म्हणाली, "अंकल, हे भाषण त्या वेल्शवाल्यांचं नाहीये. मंत्र्याचं आहे. इथे नाव आधी येतं आणि बोलणं त्याच्या खाली. तुम्ही सगळं एक एक घर सरकवून वाचलंत."

हळूच म्हणाली बिचारी, पण माईक चालू होता.

मंडळी, काय झालं लक्षात आलं ना? आपल्या वहीसारखंच लंडनवाले लिहीत असणार, वर बोलणं आणि खाली नाव, असं मी धरून चाललो! आणि ज्या पहिल्या पानावर मंत्र्याचं नाव होतं, ते पान मीच काढू दिलं नव्हतं. ज्यानं ठरावाला आयुष्यभर विरोध केला असता, त्याचं भाषण मी मावशींच्या ठरावासाठी हातवारे करून म्हटलं होतं. तेही टाळ्या घेऊन!

मी मटकन खाली बसलो. मावशींकडे बघायची हिंमत नव्हती. शब्द दिला होता हो त्यांना, पायरीवर बसलेल्या असताना.

तेवढ्यात त्यांचाच आवाज आला. मावशी उभ्या होत्या. माईक-बिईक काही नाही, त्यांना लागतच नाही.

"मना भाशन येत न्हाय. ही जागा भाताची खाचरा व्हती तवापासना मी हतं येते-जाते. आज मना माज्याच दारातला कागूद वाचता येत न्हाय. पानी कवा जानार, लिफ्ट कवा बंद व्हनार, येवराच मना वाचाचा हाय. तुमची इंग्रजी काडा असा मी म्हनत न्हाय. बाजूला माजा पन येक कागूद लावा. बस."

आणि बसल्या.

कोमलनं कागद खाली केला. सगळ्यांना ऐकू जाईल असं सासऱ्यांना म्हणाली, "पप्पा, त्या वेल्शवाल्यांचं खरं भाषण हेच आहे. आजी बोलल्या अगदी तेच."

किशोरभाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "किसी को विरोध है?" म्हणाले. एकही हात वर नाही. पांडेजींनी तर दोन्ही हात वर केले, बाजूनं म्हणून. ठराव मंजूर! मला इतका आनंद झाला की मी समोशावर चटणी घ्यायचीच विसरलो.

इथे थांबलो असतो तर इज्जत थोडीतरी उरली असती. पण मी दळवी! घरी आल्यावर विचार केला, चूक झाली ती झाली, पण त्यातून शिकलं पाहिजे. त्या सभेचं पहिलंवहिलं मराठी इतिवृत्त मी थेट लंडनच्या पद्धतीनं लिहिलं. आधी नाव, खाली बोलणं. झकास टाईप केलं आणि लिफ्टशेजारी लावलं. कुणाला काही न सांगता!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली उतरतो तर बोर्डासमोर ही गर्दी. मध्ये मावशी, कमरेवर हात.

"दळवी! हतं ये! मी कवा बोलले रं असा? येकच भाषा पुरे, कागूद फुकट, मराठी कशाला? मी?"

"मावशी, ते तुम्ही नाही, ते मी बोललो."

"मग खाली माजा नाव का हाय?"

अहो, सगळी सोसायटी नऊ वर्षांच्या माझ्याच सवयीनं वाचत होती! वर बोलणं, खाली नाव! माझं भाषण मावशींच्या नावावर गेलं होतं, मावशींचं किशोरभाईंच्या नावावर. आणि किशोरभाई कोपऱ्यात उभे राहून लोकांचं अभिनंदन स्वीकारत होते, "आपली आजूबाजूच्या लोकांना मदत झाली पाहिजे ना," असं मराठीत म्हणत!

मी समजावायला लागलो. लंडन, संसद, वेल्सकर, आधी नाव मग मजकूर. कोण ऐकतंय?

मावशींनी हात वर करून मला गप्प केलं. चष्मा सावरला, बोट वर नेलं आणि माझ्या नावाच्या वरचा मजकूर सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. तो पांडेजींचा होता, पण आता हे कोणाला पटणार?

"'मी न वाचता, न समजता सभेत फार आरडाओरडा केला. चूक माझी होती. सगळ्यांची माफी मागतो.' खाली, दळवी, सेक्रेटरी."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच हसल्या.

"येवरा मातर तू बराबर लिवलायस. कर सही."

पेन खिशातच होतं. केली.