सुलभाताईंचा जिताडा आणि माझे दोन आटे

“सोडू नका, सोडू नका!” मी ओरडत होतो.

सुलभाताई काहीच सोडत नव्हत्या. त्यांनी रॉड दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. लाईन सोडत होतं ते रीळ, आणि तेच त्याचं काम होतं.

मी जहाजावरचा इंजिन फिटर. रिटायर झाल्यावर रत्नागिरीत हौशी लोकांना गळाने मासेमारी शिकवतो. कार्डावर ‘फिशिंग गाईड’ असं छापून घेतलंय. होडी मकबूलचाचांची, चालवतातही तेच. सुलभाताई देवरूखच्या, शाळेत फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांची ही तिसरी ट्रिप. आधीच्या दोन्ही वेळा मासा शिवलासुद्धा नव्हता. पुढच्या आठवड्यात गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणजे मग कित्येक महिने होडीत पाय टाकणं बंद.

सकाळी जेटीवर मी त्यांचा ड्रॅग लावून दिला होता. ड्रॅग म्हणजे रिळातला ब्रेक. मासा ठरावीक ताकदीपेक्षा जोरात ओढायला लागला की ब्रेक घसरतो, लाईन सुटत जाते, तुटत नाही. आमची लाईन दहा किलोला तुटणारी. तिला ताण मोजायचा ताणकाटा अडकवून ओढला आणि तीन किलोला घसरेल इतका नॉब आवळला. हे सगळं मी भाषण ठोकत केलं. बाईंनी एकच विचारलं, “हे नंतर बदलायचं नाही ना?”

“अजिबात नाही,” मी म्हणालो.

भाट्याच्या खाडीत, जुन्या खांबांपासून जरा लांब, आमिष म्हणून बोय नावाची छोटी जिवंत मासळी गळाला लावून सोडली. तासाभरात जिताडा लागला. तो पाण्याबाहेर उसळला तेव्हा चाचासुद्धा उभे राहिले. मग तो सरळ खांबांच्या दिशेने सुटला; तिथे लाईन अडकली की तुटलीच. रीळ किंचाळायला लागलं. स्पूलवर, म्हणजे रिळाच्या चाकावर, गुंडाळलेली लाईन भराभर कमी होताना दिसली आणि माझा धीर सुटला. मी पुढे झालो, नॉब पकडला आणि दोन आटे आवळला.

टक्.

रॉड सरळ झाला. मी म्हणालो, “लाईन जरा जुनी असावी.”

“काल नवीन भरली म्हणालात,” चाचा म्हणाले.

बाई शांतपणे बसल्या. “लाईन सुटली की स्पूलची जाडी कमी होते,” त्या म्हणाल्या. “त्रिज्या कमी झाली की तेवढ्याच ब्रेकला ताण जास्त लागतो. म्हणजे तो आधीच तीनाचा पाच झाला असणार. त्यात तुमचे दोन आटे.”

“मग मला अडवलं का नाही?”

“मला वाटलं, तुम्ही प्रोफेशनल आहात.”

आयुष्यभर इंजिनं खोलली, पण इतकं आतून मला कोणी खोललं नव्हतं.

दुसरा गळ त्यांनी स्वतः बांधला. ताणकाटा मागून घेतला, ड्रॅग स्वतः लावला. मला म्हणाल्या, “तुम्ही जाळं धरा. दोन्ही हातांनी.”

ओहोटी संपता संपता पुन्हा मासा लागला. तोही खांबांकडे धावला. मी दात आवळून जाळं धरून बसलो. बाईंनी नॉबला हात लावला नाही. नुसता तळहात स्पूलवर अलगद टेकवला. मासा मंदावला, वळला. पुन्हा धावला, तेव्हा हात उचलून घेतला. वीस मिनिटांनी जिताडा जाळ्यात आला. चार किलोचा. बाईंचे डोळे भरून आले होते.

“तळहाताचं कोणी शिकवलं?” मी विचारलं.

“चाचा हातगळाने पकडत होते ना मघाशी. बोटांमधून दोरी सोडत होते. तेच बघितलं.”

चाचा वर्षानुवर्षं माझ्याच समोर बसून तसं करत होते.

परतताना बाईंनी मुलीला फोन लावला. “हो, मीच पकडला. गाईड होते ना बरोबर. छान जाळं धरलं त्यांनी.”

ड्रॅग किनाऱ्यावर, डोकं थंड असताना लावावा. मासा लागल्यावर गाईडने आपले हात कुठे ठेवायचे, तेही तेव्हाच ठरवून टाकावं.