अडकलेलं अंडं

त्या रविवारी सकाळी आमची तांबडी कोंबडी खुराड्यात गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. अर्ध्या तासात हे पाच-सहा वेळा झालं तेव्हा मी हातातले वार्षिक परीक्षेचे पेपर बाजूला ठेवले आणि परसात गेले. ती खुराड्याच्या दाराशी पाय फाकवून उभी होती. शेपूट खाली, पिसं फुगलेली, डोळे अर्धवट मिटलेले. मधेच अंग आवळून कुंथायची आणि पुन्हा गप्प. पुढ्यात ज्वारी टाकली तर तिनं मानसुद्धा वळवली नाही.

या कोंबड्या माझ्या नव्हेत. सासूबाई गेल्या आणि सासऱ्यांना, म्हणजे आबांना, आम्ही गारगोटीकडच्या गावातून कोल्हापुरात आणलं, तेव्हा त्यांनी एक अट घातली. सासूबाईंच्या चार कोंबड्या बरोबर येणार. "त्येंचं समदं मी बघतो, तू काळजीच करू नगंस," असं म्हणाले होते. प्रत्यक्षात बघणं म्हणजे परसात खुर्ची टाकून कोंबड्यांकडे बघणं. खुराडं झाडणं, पाणी बदलणं, संध्याकाळी चारही आत आल्या का ते मोजणं, हे शाळा सांभाळून मी करायचं. त्यांनी खुर्चीतून सांगायचं.

बरं, सांगणं तरी धड असावं. त्याआधी पंधरा दिवसांपासून अंडी पातळ कवचाची येत होती. एक तर नुसत्या पापुद्र्याचं, हातात घेतलं तर पाण्याच्या पिशवीसारखं लिबलिबीत. कवचं जाड व्हावीत म्हणून मी पशुखाद्याच्या दुकानातून शिंपल्यांचा चुरा आणला. दुसऱ्या दिवशी तो उकिरड्यावर.

"दगडं चारतीस व्हय कोंबड्यास्नी?" आबा म्हणाले.

मग मी घरातली अंड्यांची टरफलं वाळवून, कुटून ठेवली. तीही गेली. "अंड्याची चटक लागंल. आपलीच अंडी फोडून खात्यात मग."

"मग पातळ अंड्यांचं काय करायचं, आबा?"

"उन्हाळा हाय. जाईल आपुआप."

आता मी तांबडीकडे बोट दाखवलं. आबांनी खुर्चीतूनच निदान केलं. "खुडूक झालीया. अंडी उबवायचं मनात आलंय तिच्या."

"खुडूक कोंबडी एका जागी ठाण मांडून बसते. जवळ गेलं की फुगते, ओरडते, टोचते. ही तोंडातून आवाज काढत नाहीये आणि एका जागी बसतही नाहीये."

"तू मास्तरीण हायस, पोरी. मला कोंबड्या नगंस शिकवू. चाळीस वरसं आमच्या दारात कोंबड्या हुत्या."

मी चहा गाळायला आत गेले. पाच मिनिटंही झाली नसतील. बाहेर आले तर आबांनी तांबडीला दोन्ही पंख धरून नळाखालच्या बादलीत गळ्यापर्यंत बुडवलं होतं. थंडगार पाणी. खुडूक उतरवायला गावाकडे असंच करतात, हे मलाही माहीत होतं. पण ती खुडूक नव्हती.

मी सासऱ्यांवर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "सोडा तिला! आबा, सोडा म्हणते ना!"

त्यांनी सोडली. कोंबडी बादलीबाहेर पडली ती तशीच फरशीवर भिजलेल्या पायपुसण्यासारखी पडून राहिली. तुरा फिका पडला होता. माझ्या आवाजानं आमचे हे बाहेर आले, एका हातात मटणाची पिशवी, दुसऱ्या हातात मोबाइल.

"काय झालं?"

"अंडं अडकलंय तिचं. डॉक्टरना फोन लावा."

यांनी फोन लावला नाही. यांनी व्हिडिओ लावला. एक माणूस आधी त्याचं चॅनल आवडलं तर काय करायचं ते सांगत होता. मग जाहिरात. मग दुसरा माणूस, तो म्हणे पोट दाबा. तिसरा म्हणे पोट अजिबात दाबू नका. आणि हे त्यातलं प्रत्येक वाक्य मला मोठ्यानं परत सांगत होते, जणू कोंबडी थांबणारच होती यांचं एकमत होईपर्यंत. आबा मागून म्हणाले, "रविवार हाय. कापा की. रस्सा तर हुईल."

मी यांच्या हातातून फोन घेतला आणि ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरना स्वतःच लावला. ते एका गोठ्यावर होते, मागे म्हैस हंबरत होती. पण माणूस भला. म्हणाले, "शेपटीखाली, दोन पायांच्या मधे हलक्या हातानं चाचपा. कडक गोळा लागतोय?"

चाचपलं. लागत होता. लिंबाएवढा.

"मग अडकलंच आहे. कोमट पाण्यात पोट बुडेल एवढं बसवा, वीसेक मिनिटं. पुसून, शेपटीखाली खोबरेल तेल लावा आणि अंधाऱ्या, उबदार जागी ठेवा. आणि ताई, दाबायचं नाही. आत अंडं फुटलं तर कोंबडी हातची जाईल. दुपारपर्यंत नाही आलं तर घेऊन या."

मी टबात पाणी घेतलं, मनगटावर पाहिलं. तांबडीला आत बसवलं, पण एकटीनं तिला धरून पाणीही बदलायचं जमेना. मटण धुवायच्या निमित्तानं हे केव्हाच आत गेले होते.

"आबा, जरा धरा इकडे."

ते आले, उकिडवे बसले आणि दोन्ही हात हवेत तसेच राहिले. कुठं धरायचं ते त्यांना कळत नव्हतं. एकदा मान धरली, मग पाय. कोंबडीनं पंख फडफडवले, सगळं पाणी माझ्या साडीवर.

"आबा, चाळीस वर्षं ना तुमच्या दारात कोंबड्या?" मला राहवलं नाही. "साधी धरता येत नाही?"

ते पाण्याकडे बघतच म्हणाले, "ती बघायची समदं. म्या कदी हात बी लावला न्हाय. सकाळी ताटात अंडं यायचं, एवढंच ठावं."

मला खरं तर अजून दोन शब्द सुनावायचे होते, पण मी त्यांचे हात धरले, तळवे पंखांवरून दोन्ही बाजूंनी ठेवले. "असं. घट्ट नको. पंख मिटलेले राहिले की ती शांत बसते." त्यांनी तसं धरलं. वीस मिनिटं ते तिथून हलले नाहीत, पाय दुखत असतानाही. मी गरम पाणी आणून आणून ओतत होते.

मग तिला जुन्या टॉवेलात पुसलं, तेल लावलं आणि खोक्यात ठेवून माळ्याखालच्या अडगळीत नेलं. आबा दर पाच मिनिटांनी झाकण उघडायचे. "अंधारात ठेवा म्हणाले ना डॉक्टर!" मी म्हणायची. "उजेड नको तिला!" ते झाकण लावायचे आणि पाच मिनिटांनी पुन्हा उघडायचे. माझे पेपर तसेच पडून.

जेवणं व्हायच्या आधी खोक्यातून खरखर आवाज आला. अंडं बाहेर आलं होतं. वेडंवाकडं, एका बाजूला कवचच नाही, नुसता पापुद्रा. तांबडी त्याच्याकडे पाठ करून उभी होती आणि पाणी पाहिल्यावर घटाघटा प्यायली. आबांनी ते अंडं तळहातावर घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "त्यो शिंपल्यांचा चुरा कुठनं आणलातास तू?"

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी कॅल्शियमचं औषध दिलं. चुऱ्याची वाटी आता खुराड्याशेजारी कायमची असते, आबाच भरतात. टरफलं मात्र आधी भाजून, पीठ होईपर्यंत कुटतात, म्हणजे कोंबड्यांना ती अंड्याची आहेत हे कळू नये. कवचं जाड झाली. तांबडीचं पुढं दोनदा बिनसलं, पण वेळेवर लक्षात आलं आणि ती तगली. तिची अंडी मात्र कमी झाली.

नवा ताप असा की आबा आता रोज सकाळी चारही कोंबड्यांना एकेक करून धरतात आणि पोट चाचपतात. "रोज नको हो, आबा, त्या दमतात," हे मी किती वेळा सांगितलं त्याला गणती नाही. कोंबड्या त्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला की पेरूच्या झाडामागे पळतात. परवा मी वर्गात असताना फोन आला. शिपायानं घाबरून बोलावलं, घरून आहे म्हणाला. मी धावत गेले.

"गोळा लागतोय," आबा म्हणाले. "काळ्या कोंबडीच्या. पर गळ्याखाली हाय."

"आबा, ते तिच्या गळ्याच्या पिशवीतले दाणे आहेत."

"व्हय?" पलीकडे पंखांची फडफड ऐकू आली. "मग आता काय करू?"

"काही करू नका. तिला खाली ठेवा."